पहिल्या हाकेला ओ

अपेक्षा हेडफोन घ्यायला निघाली तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते. पण अकोल्यात वैशाखातले दहा म्हणजे दुसऱ्या गावचे दोन. डोक्याला ओढणी, तोंडाला ओढणी, नुसते डोळे उघडे, अशी ती स्कूटी काढून नासिरभाईंच्या मोबाईलच्या दुकानात पोचली. आधी पाणी मागून प्यायली आणि मग म्हणाली, "नासिरभाई, मले असा हेडफोन द्या का बाहेरचं काहीच आइकू नाई आलं पायजे."

तिचं कामच ऐकण्याचं होतं. पुण्याच्या एका कंपनीला शेतकऱ्यांचे फोन येत. संत्र्याची पानं पिवळी पडली, कपाशीवर मावा आला, आता काय मारू. ते फोन कोणीतरी लिहून काढायला हवेत, आणि पुण्याच्या लोकांना वऱ्हाडी कळत नाही. म्हणून ते अपेक्षाच्या कॉम्प्युटरवर येत आणि ती घरी बसून ऐकून टाइप करी. काम बरं होतं. पण घरात कुलरची घरघर, भिंतीपलीकडे खुशालरावांची पिठाची चक्की, आणि फोनवरचा माणूस नेमका वाऱ्यात उभा राहून बोलणारा. मागच्या महिन्यात तिच्या तीन फायली चुका काढून परत आल्या होत्या. आणखी एक आली तर काम बंद, असं तिकडच्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं होतं. रागावून सांगितलं असतं तर अपेक्षाने उत्तर तरी दिलं असतं. गोड बोलणाऱ्याला काय उत्तर देणार?

नासिरभाईंनी काउंटरवर दोन डबे ठेवले.

"हा पाहा भाभी, नॉइज कॅन्सलिंग. कान पुरा बंद. बाजूले बँड वाजला तरी पत्ता लागनार नाई. अन हा दुसरा, ओपन इअर. हा कानाच्या आत जातच नाई, भायेर टांगून राह्यते. तुमचं कामबी आइका, घरातलंबी आइका."

"मले घरातलंच तं आइकाचं नाई."

नासिरभाईंनी डबा लगेच पुढे सरकवला नाही. "घरी कोन असते?"

"मी अन आत्याबाई. हे नांदगाव पेठले कपड्याच्या कंपनीत हायेत, रविवारी येतेत."

"आत्याबाई चालते-फिरते काय?"

"खुब्याचं हाड मोडलं होतं, आपरेशन करून आत पट्टी टाकली. वॉकर धरून चार पावलं टाकतेत."

"मंग हाक मारत असतीन," नासिरभाई म्हणाले. "ज्या घरात हाक मारनारं मानूस हाय, तठी कान बंद करू नाई, भाभी. माही अम्मी वर माडीवर निजून राहे, तवा मी दुकानात गानंबी नाई लावलं."

"दर फाईल झाली का मी कान मोकळे करत जाईन ना. पाच-सात मिनिटाचा तं सवाल हाय," अपेक्षा म्हणाली. तिने पहिला डबा उचलला.

"ठीक हाय. आठ दिवस वापरून पाहा. पन डबा फेकू नोका. नाई जमलं तं बदलून देईन."

घरी गोदाबाईंनी तो काळा हेडफोन पाहिला, हातात घेऊन उलटासुलटा केला. "घान्याच्या बैलाले डोयाची झापडं पाह्यली होती. कानाची आता पाह्यली."

गोदाबाई, म्हणजे अपेक्षाच्या सासूबाई, तिच्या आत्याबाई, चौऱ्याहत्तरीच्या. हाड मोडलं तरी जीभ शाबूत होती. अपेक्षाच्या नवऱ्याने, किशोरने, त्यांच्यासाठी बटण दाबलं की वाजणारी घंटी आणून दिली होती. "मी का देऊळ हावो घंटी वाजवाले?" असं म्हणून त्यांनी ती उशाखाली सारली आणि तिथेच राहू दिली. काही लागलं तर त्या हाक मारीत, आणि हाक मारीत ती तीनदा. पहिली हाक मारायची, थांबायचं, दुसरी मारायची, थांबायचं, मग तिसरी. अपेक्षा नवी नवरी होऊन आली तेव्हा पहिल्याच हाकेला "ओ" देऊन धावत गेली होती, आणि गोदाबाईंनी तिला शाबासकी द्यायची सोडून झापलं होतं.

"पह्यल्या हाकेले ओ देऊ नाई वं. जितं मानूस तीनदा हाक मारते. भायेरचं असते थे एकदाच मारते, दुसरी त्याले मारताच येत नाई. तिसरी आली का मंग ओ द्याची."

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं त्यांचं गाव. तिकडे सगळेच असं करतात, असं त्यांचं म्हणणं. अपेक्षा वरूडची, तिच्या माहेरी हाक मारली की पोरं पहिल्याच हाकेला पळून जात, कामाला लावतील म्हणून. तिला ही तीन हाकांची रीत म्हणजे निव्वळ वेळ घालवणं वाटे. तरी दहा वर्षांत सवय झाली होती. तिसऱ्या हाकेपर्यंत हातातलं काम उरकायचं आणि मग उठायचं.

हेडफोन कानांवर चढवून तिने बटण दाबलं आणि कुलर गेला. चक्की गेली. रस्त्यावरचा भंगारवाला गेला. विहिरीत बुडी मारल्यावर वरचं जग जसं बंद होतं तसं झालं, आणि त्या शांततेत एक शेतकरी तिच्या कानात स्पष्ट बोलू लागला. तिला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसली. फाईल संपली की डाव्या कानावर बोट टेकवायचं, म्हणजे बाहेरचे आवाज आत येत. दोन श्वास ऐकायचं, कोणी हाक मारत नाही ना पाहायचं आणि पुन्हा बोट टेकवून बंद. पहिले तीन दिवस एकही चूक निघाली नाही.

चौथ्या दिवशी बाराच्या सुमाराला वरूडकडचा एक माणूस संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं गळतात म्हणून सांगत होता. फाईल संपली. अपेक्षाने कानावर बोट टेकवलं. कुलरची घरघर आत आली, आणि तिच्यात गुंतलेली हाकेची शेपटी.

"...अपेक्षा..."

एकच. तिने मनात हिशेब केला. तिसरी असणार. आधीच्या दोन या यंत्राने खाल्ल्या. तिला थोडी लाज वाटली, कारण नासिरभाईंनी सांगितलं होतं.

"ओ, आली, आत्याबाई," ती म्हणाली आणि उठली.

गोदाबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. गाढ. तोंड उघडं, श्वास सावकाश. अपेक्षा क्षणभर दारातच उभी राहिली. मग तिने हळूच विचारलं, "काय पायजे?"

गोदाबाईंनी डोळे उघडले. "मी कुठी बोलावलं?"

"आत्ताच तं हाक मारली तुमी."

"किती?"

"काय किती?"

"किती हाका मारल्या?"

"मले एकच आइकू आली. दोन ह्याच्यात गेल्या असतीन." तिने गळ्यातला हेडफोन दाखवला.

गोदाबाईंनी पांघरलेली चादर मुठीत धरली. "अन तूनं... ओ देल्ली?"

"देल्ली."

तेवढ्यात अपेक्षाला वास आला. ओल्या गाळाचा, शेवाळाचा, फार दिवस बंद असलेल्या विहिरीचा. ज्या घरात पाच दिवसांनी नळ येतो आणि प्यायचं पाणी हंड्यात झाकून ठेवतात, त्या घरात, सेहेचाळीस डिग्रीच्या दुपारी, विहिरीचा वास. ती वासाच्या मागे मागे गेली. मागच्या दाराशी फरशीवर ओलं होतं, तळहाताएवढं. कुलर गळाला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं, पण कुलर पुढच्या खिडकीत होता. तिने फडक्याने पुसलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर तिथे पांढरी कड उमटली होती, नखाने खरवडली तर निघणारी.

तिने येऊन सांगितलं तेव्हा गोदाबाई म्हणाल्या, "खार हाय थो. आमच्या इहिरीचं पानी वाळलं का असाच खार उमटे." मग त्यांनी तिला जवळ बसायला सांगितलं. कुलर बंद करायला लावला. आणि भिंतीकडे पाहत, हळूहळू सांगितलं.

"माही नणंद होती. जमुना. सोळा वर्साची. वैशाखच होता. धुनं घेऊन इहिरीवर गेली. मी वसरीत जवारी निवडून राह्यली होती. बारा वाजले असतीन. हाक आली... 'वैनी'... बस, एवढीच. मी उठली. माह्या सासूनं मनगट धरलं. म्हने, बस खाली, भर दुपार हाय, तिसरी येऊ दे. मी बसली. मोजत बसली. दुसरी..."

त्या थांबल्या. बाहेर चक्कीही थांबली होती.

"दुसरी आलीच नाई. संध्याकायी गय टाकला इहिरीत, तवा लागली हाताले. लोक म्हने, बरं झालं तूनं ओ नाई देल्ली, भायेरचं होतं, तुलेबी नेलं असतं. साऱ्या गावानं मले शाहनी म्हनलं. पन्नासच्या वर वर्सं झाली, मी शाहनीच हावो."

"आत्याबाई..."

"थे अजून हाक मारते. वैशाखात, बाराले. गाव सोडलं, अकोल्याले आली, तरी मांगं मांगं आली. एकच हाक. मी कधी ओ नाई देल्ली. तिले आता कयलं असन का ही म्हतारी काही ओ देत नाई. म्हनून तुह्या नावानं..." त्यांनी अपेक्षाचं मनगट धरलं, घट्ट. "ओ देल्ली त्याले थे नेते. थो तुहा हेडफोन कानातून काडू नोको. निजतानीबी काडू नोको. आइकू आलंच नाई तं ओ जाईन कुठून? माह्याकडे पाहू नोको. मी आता असून काय, नसून काय."

अपेक्षा घाबरली. खोटं कशाला सांगा, चांगलीच घाबरली. त्या संध्याकाळी मागच्या अंगणातले कपडे काढायला जाताना तिने स्वयंपाकघरातला, मधला आणि बाहेरचा, तिन्ही दिवे लावले होते, आणि अजून ऊन उतरलं नव्हतं. पण भीती तिच्या अंगात फार वेळ टिकत नसे, थोड्या वेळाने तिचा राग होई. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं तिची आई म्हणायची. पोळ्या लाटता लाटता अपेक्षाला त्या सोळा वर्षांच्या मुलीचा विचार आला. विहिरीत पडलेलं माणूस, नाकातोंडात पाणी, एक श्वास हाती लागला, त्यात तिने एक हाक मारली. तीन कुठून मारणार? आणि ओसरीत दोन बायका बसून मोजतायत. तिला इतका संताप आला की लाटणं पोळपाटावर आपटलं.

आणि मग दुसरा विचार आला, तो जास्त वाईट होता. हेडफोन घालून बसलं तर ती स्वतः वाचेल कदाचित. पण आतल्या खोलीत म्हातारी पडली, घशात घास अडकला, आणि तिच्या हाती एकच श्वास असला, तर? तर अपेक्षाही शहाणीच ठरणार. आणि मग ती किती वर्षं मोजणार?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत ती पायरीवर उभी होती, डबा घेऊन.

"नाई जमला?" नासिरभाईंनी विचारलं.

"जमला. फार चांगला हाय. पन दुसरा द्या, कान उघडा ठेवनारा."

"काहून?"

"घरी हाक मारनारं हाय."

"आत्याबाई."

"थ्याबी," अपेक्षा म्हणाली.

नासिरभाईंनी पहिला डबा मागे ठेवला. नवा हेडफोन स्वतः तिच्या कानांना लावून दाखवला. कानाच्या भोकापुढे तो नुसता टेकत होता, आणि त्यातलं गाणं आणि रस्त्यावरचा ऑटोचा भोंगा दोन्ही शेजारी शेजारी ऐकू येत होते.

घरी येऊन तिने गोदाबाईंच्या समोर उभं राहून सांगितलं. "आजपासून या घरात पह्यल्या हाकेले ओ. तुमी एकदाच हाक मारा, मी येतो. अन कोनीबी मारो, मी येतो."

"तुले नेलं तं मी किशोरले काय सांगू?"

"सांगजा, आइकत नव्हती कोनाचं. त्याले पटन."

"मस्करी करून राह्यली काय?"

"नाई. येऊ द्या तिले. मी पाह्यतो कशी नेते थे."

गोदाबाईंनी तोंड फिरवलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. अपेक्षानेही मनवलं नाही. दोघी एकाच वाणाच्या होत्या, म्हणून तर दहा वर्षं एका घरात निभली होती. नव्या हेडफोनमध्ये कुलर ऐकू येई, मग फायलीत चुका होत. म्हणून साडेअकरा ते एक तिने कुलरच बंद ठेवायला सुरुवात केली. गोदाबाईंच्या कपाळावर ओला पंचा, स्वतःच्या मानेवर ओला पंचा. घामाने कीबोर्ड चिकट होई. बारा वाजले की तिचा जीव कानात येई, पण तिने उठून दार लावलं नाही की देव्हाऱ्यापुढे बसली नाही. दोन दिवस काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. मागच्या अंगणात जमिनीखाली पाण्याचं टाकं होतं, पुरुषभर खोल. तिने नळी सोडून ते भरलं. पाणी जायच्या आत हंडे, बादल्या, कुलर सगळंच भरायचं असतं, त्या धावपळीत टाक्याचं लोखंडी झाकण बाजूला राहिलं आणि नळीही आतच राहिली. तिच्या लक्षात आलं नाही.

बाराला पाच कमी होते. कुलर बंद. खुशालराव जेवायला बसले असतील, चक्कीही बंद. एक म्हातारा शेतकरी फोनवर विचारत होता, विहिरीचं पाणी खारं झालं तर तूर घेऊ की हरभरा. तो बोलायचा थांबला. त्याच्या मागे कुठेतरी कवडा घुमत होता, आणि तो कवडा संपला तिथे, हेडफोनच्या बाहेर, घराच्या आत...

"अपेक्षा..."

आवाज गोदाबाईंचा होता. पण म्हातारपणाचा कंप त्यात नव्हता. आणि तो आतल्या खोलीतून आला नव्हता. मागून आला होता.

अपेक्षाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. दहा वर्षांची सवय म्हणाली, थांब. दुसरी येऊ दे. विहिरीचा वास खोलीत भरत होता. तिला कळलं की ती मोजतेय. एक... आणि पुढचा आकडा यायची वाट पाहतेय. सोळा वर्षांची पोर हिच्यासारख्याच एका बाईची वाट पाहत बुडाली होती.

"ओ," ती म्हणाली. आधी घशातच. मग सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्याने, "ओ. आली. थांब."

खुर्ची पडली. गोदाबाईंचा पलंग रिकामा होता. वॉकर मागच्या दारात आडवा पडला होता. बाहेर ऊन इतकं पांढरं की आधी काही दिसलंच नाही. मग दिसलं. टाक्याच्या तोंडाशी गोदाबाई. कमरेपासून खाली टाक्यात, छाती काठावर दाबलेली, उजव्या हातात नळी, आणि नळी हळूहळू सरकत होती. डावा हात आत, पाण्यात. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं.

अपेक्षाने त्यांना काखेत धरलं आणि ओढलं. म्हातारी हलेना. चार हाडांची म्हातारी, पण ओल्या गादीसारखी जड झाली होती. "खुशालराव," अपेक्षाने भिंतीकडे हाक मारली. एकच. दुसरीला तिच्याजवळ दम नव्हता. खुशालराव खरकट्या हाताने भिंत चढून आले, आणि दोघांनी मिळून ओढलं तेव्हा एकदम सुटल्यासारख्या गोदाबाई वर आल्या. तिघंही तापलेल्या फरशीवर पडली.

डॉक्टर येऊन पाहून गेले. पट्टी जागेवर होती, छातीला मुका मार होता. संध्याकाळी गोदाबाई बोलू लागल्या तेव्हा अपेक्षा आधी भांडली. "काहून गेल्या तुमी? मरायची हौस आली होती काय?"

"तिनं बोलावलं. 'वैनी' म्हनलं. म्या हळूच ओ देल्ली." गोदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "म्हनलं, तूनं ओ देल्ली हाय, तुह्या आंदी मी गेली तं तुले सोडन. टाक्यात वाकून पाह्यलं. पाय सरकला."

अपेक्षाने पदराने त्यांचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बरं झालं एक हाक तरी मारली तुमी. मी येतच होती."

"म्या नाई मारली."

"आत्याबाई, मी आइकली. तुमचाच आवाज..."

"छाती दबली होती वं. माह्यातून हूं का चूं निंगालं नाई. मी नुसती तोंड हालवून राह्यली होती."

अपेक्षाची नजर त्यांच्या डाव्या हाताकडे गेली. तोच हात पाण्यात होता. आता तो वाळला होता, आणि मनगटाभोवती पांढरे पट्टे उमटले होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. खुशालरावांचे पिठाचे हात असतील, असं तिला वाटलं. पण खुशालराव जेवणावरून उठून आले होते, आणि त्यांनी उजवीकडून धरलं होतं. तिने बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. टाक्यातलं पाणी नळाचं होतं, गोडं.

"तिनं हात धरला होता?" तिने विचारलं.

"हाव."

"खाली ओढत होती का... वर ढकलत होती?"

गोदाबाईंनी मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. "धरला होता, एवढं कयलं. कोनतीकडे, थे नाई कयलं."

दुसऱ्या दिवशी अपेक्षाने टाक्यावर झाकण घातलं आणि झाकणावर पाटा ठेवला. अकराला कामाला बसली, साडेअकराला कुलर बंद केला. मधलं दार उघडं ठेवलं होतं, तिथून गोदाबाईंचा पलंग दिसत होता. बारा वाजले. सव्वाबारा झाले. चक्कीचा पट्टा एकदा फटफटला आणि थांबला.

"आज नाई आली," गोदाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका नव्हती. काहीतरी हरवल्यासारख्या त्या दाराकडे पाहत होत्या.

अपेक्षाने टाइप करायचं थांबवलं. इतकी वर्षं ती मुलगी हाक मारत होती, आणि इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून एकच काळजी घेतली होती की तिला ओ जाऊ नये. तिला कोणी हाक मारली होती का कधी? संध्याकाळी गळ टाकला, तेव्हा तरी विहिरीच्या काठावरून कोणी तिचं नाव घेतलं होतं का? अपेक्षा उठली. तिच्या अंगावर काटा आला होता, आणि त्या काट्याचाही तिला राग आला. मागच्या दारात जाऊन तिने चौकट धरली. समोर झाकलेलं टाकं, त्यावर पाटा, त्यावर ऊन.

"काय करून राह्यली वं?" गोदाबाईंनी आतून विचारलं. "अपेक्षा... नोको..."

"जमुनाआत्या," अपेक्षाने हाक मारली. स्वच्छ, मोठ्याने, घरातल्या माणसाला जेवायला बोलवावं तशी. एकदाच.

अंगणात काही हललं नाही. एखादा कवडासुद्धा बोलला नाही. तिने एक श्वास घेतला. दुसरी हाक मारायची नाही, हे तिचं ठरलेलं होतं.

"ओ..."

टाक्यातून नाही आली. अंगणातूनही नाही. तिच्या पाठीमागून आली, घराच्या आतून, कोवळ्या आवाजात, पहिल्याच हाकेला.

अपेक्षा वळली. मधल्या खोलीत कोणी नव्हतं. फरशीवर दारापासून पलंगापर्यंत ओलं होतं. पलंगावर गोदाबाई दुखऱ्या खुब्यानिशी, दात आवळून, तसू-तसूने भिंतीकडे सरकत होत्या. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकल्या आणि बाजूची अर्धी गादी मोकळी करून निपचित पडल्या. त्या निपचित झाल्यानंतर पलंग एकदा करकरला.

अपेक्षाने मागचं दार उघडंच ठेवलं. ती टेबलाशी येऊन बसली, हेडफोन कानांपुढे टेकवला आणि पुढची फाईल लावली.